जोसीच्या मशीनचा बिघाड

१३ जानेवारी २०१३, रविवार. विनिपेग

वकीलबाई म्हणाल्या, वेंडल, मुलगी तुमच्याकडे असते त्या आठवड्यांत काय काय घडतं ते लिहून ठेवत जा, पुढेमागे उपयोगी पडेल. म्हणून लिहायला बसलोय. बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाने काय डोंबल लिहायचं? जोसी संध्याकाळी आली. जेवली. वर गेली. दार लावून घेतलं. झालं. वाचा म्हणावं कोर्टाला.

खरी गोष्ट वेगळीच आहे. कॉरीनला पोर्टेजला नोकरी लागली. ती आणि मी वेगळे झाल्यापासून जोसी एक आठवडा आईकडे, एक आठवडा माझ्याकडे राहते. रविवारी संध्याकाळी अदलाबदल. पण पोर्टेज इथून गाडीने तासभर. शाळा काही दोन गावांत भरत नाही. तेव्हा जून संपला की जोसी कायमची एकाच घरी राहणार, दुसऱ्याच्या वाट्याला फक्त अधूनमधून शनिवार-रविवार. कोणतं घर ते तिने स्वतः सांगायचं. चौदा वर्षांची झाली, आता तिचं ऐकतात. आणि आम्हा दोघांना सक्त ताकीद आहे: तिला विचारायचं नाही, सुचवायचं नाही, दडपण येईल असं अवाक्षर काढायचं नाही.

मी ताकीद तंतोतंत पाळतो. काही बोलतच नाही.

१५ जानेवारी

आज जेवताना जोसीने आपणहून हेडफोन काढून ठेवले. मला वाटलं, ताप आला की काय पोरीला.

"डॅड, मला कॉम्प्युटरमध्ये अजून एक ग्राफिक्स कार्ड बसवायचंय."

"आहे ते बिघडलं?"

"नाही रे. आहे त्याच्या जोडीला. अगदी तसंच दुसरं. दोघं मिळून गेममधली चित्रं काढतात."

हे मला लगेच पटलं. माझे आजोबा शेतावर दोन घोडे एका जुवाला जुंपायचे, ते काय हौसेखातर? एकाला ओढत नाही ते दोघांना ओढतं. एवढं साधं आहे.

"तुला जमेल का पण?" ती म्हणाली.

मला! ज्याने अख्खं आयुष्य डिझेलच्या धुरात काढलं त्याला विचारते, दोन पत्रे एका खोक्यात बसवायला जमतील का. म्हणालो, "अगं, डाव्या हाताचा मळ आहे."

मनात म्हटलं, शहरातलं सगळ्यात भारी मशीन या घरात असलं तर कोण मरायला पोर्टेजला जाईल? हे अर्थातच तिला बोललो नाही. ताकीद आहे.

१८ जानेवारी

डेपोत माझ्या शेजारच्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर रोडेल काम करतो. मूळचा मनिलाचा, पण थंडीला माझ्याहून कमी घाबरतो. गेम खेळण्याचं वेड त्यालाही आहे, बायको कितीही बोलली तरी. नशीब बघा, त्याच्याकडे जोसीच्या कार्डासारखंच एक जुनं कार्ड पडून होतं. मी त्याच्या व्हॅनचे ब्रेक करून द्यायचे, त्याने कार्ड द्यायचं.

"पण विचार कर हां," तो म्हणाला. "दोन कार्डं म्हणजे एका स्वयंपाकघरात दोन सासवा. एक तापली की दुसरी तापणारच."

मी म्हटलं, "तू ब्रेकची काळजी कर."

२९ जानेवारी

डावा हात, उजवा हात, दोन्ही लावून झाले.

जोसी परवा आली, आणि तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर खोकं उघडं पडलंय. आम्ही सोफ्यावर बसून जेवतो. दुसरं कार्ड बसवलं. दोन्हींच्या डोक्यावर बोटभर लांबीची एक पट्टी लावतात, तिला ब्रिज म्हणतात. त्यावरून ती दोघं एकमेकांशी बोलतात म्हणे. तीही लावली. कॉम्प्युटर चालू होतो, गेम चालू केला की धाडकन बंद पडतो. का? काही केल्या कळत नाही.

"नक्की काय करतात ही दोघं आत?" मी विचारलं. रोग शोधायचा तर आधी नाडी कळायला हवी.

"एक चित्र हे काढतं," जोसी म्हणाली, "पुढचं ते काढतं. मग परत हे. पाळीपाळीने."

"आणि बघणाऱ्याला?"

"बघणाऱ्याला कळू नये असं असतं. पण कळतं. मधे मधे अडखळल्यासारखं होतं. दोघांना वाटतं आपण अगदी वेळेवर दिलं, आणि तरीही."

"मग निदान मेमरी तरी दुप्पट होत असेल."

"नाही. दोघांकडे सगळं तेच ठेवावं लागतं. माझ्यासारखं. दोन घरी दोन टूथब्रश, पण दात तेवढेच."

यावर ती हसली, म्हणून मीही हसलो. पण मला प्रामाणिकपणे समजलं नाही. दोघं राबायला, आणि शेवटी हातात एकाएवढंच? मग माणूस हा खटाटोप करतो कशाला?

२ फेब्रुवारी

सापडलं! ज्याला बसमधला हीटर, दिवे आणि दारं एका बॅटरीवर चालवायची सवय आहे त्याला हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. दोन कार्डांना वीज पुरत नव्हती. गेम चालू झाला की दोघं एकदम मागत होती आणि बिचारा पॉवर सप्लाय मान टाकत होता. मोठा पॉवर सप्लाय आणून बसवला. गेम सुरू झाला. स्क्रीनच्या कोपऱ्यातला वेगाचा आकडा सटासट वर गेला. जोसी किंचाळली आणि तिने मला मिठी मारली.

मग आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. पुढे काय करायचं ते दोघांनाही कळेना. मी म्हटलं, "चल, टेबल आवरू." ती म्हणाली, "हो." मग मशीन उचलून वर तिच्या खोलीत नेऊन ठेवलं.

आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नव्हती. माझ्या आईला कोणाचं बरं वाटलं तर ती त्याच्या ताटात अजून एक सॉसेज वाढायची. मीही रात्री जोसीला जास्तीचं सॉसेज वाढलं. तिने अर्धं टाकलं.

१३ फेब्रुवारी

रविवारी जोसी परत आली. मशीन घोड्यासारखं पळतंय. ती जेवते, वर जाते, दार बंद. खाली मी आणि टीव्ही. म्हणजे मशीन पसंत पडलंय. मनासारखं झालं.

घर मात्र फार शांत वाटतं. हीटरचा आवाज पूर्वी एवढा यायचा का?

१५ फेब्रुवारी

बोंबला. मी जेवत असताना जोसी खाली आली. "डॅड, काहीतरी झालंय. दुसरं कार्ड दिसतच नाहीये. बघतोस?" स्क्रूड्रायव्हर तिने आधीच माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला होता. पोरगी तयारीची आहे हे मानावं लागेल.

उघडून पाहिलं तर ब्रिज एका बाजूने सुटून वर आलेला. मला नवल वाटलं. पण बाहेर हाडं गोठवणारी थंडी, घरात हीटरची कोरडी हवा. प्लास्टिक आकसलं असेल. परत दाबून बसवला.

पाच मिनिटांचं काम. पण जोसी शेजारी बसून एवढी बडबडत होती की मला लक्षच देता येईना. तिची ती मैत्रीण, मारिसोल, तिच्याशी बोलत नाहीये. का, तर हिने तिच्याऐवजी दुसऱ्या कोणाबरोबर प्रयोगशाळेत जोडी लावली. मग शाळेत जेवताना ही एकटी बसते. मी म्हटलं, "मग जाऊन बस की तिच्या शेजारी." ती म्हणाली, "एवढं सोपं नसतं." मी म्हटलं, "खुर्ची असली की सोपं असतं." यावर ती खूप हसली. मी काही विनोद केला नव्हता.

२७ फेब्रुवारी

पुन्हा बिघाड. स्क्रीनवर काहीच येत नव्हतं, काळाकुट्ट. शोधून शोधून शेवटी पाहिलं तर स्क्रीनची केबल दुसऱ्या कार्डात खोचलेली. ती पहिल्यातच लागते, हे तर जोसीनेच मला शिकवलं होतं! म्हटलं, "ही कोणी बदलली?" ती म्हणाली, "साफसफाई करताना चुकून झालं असेल." ती साफसफाई करते हे मला माहीत नव्हतं. खोलीकडे बघून वाटत नाही.

मारिसोल आता बोलते. ही जाऊन शेजारच्या खुर्चीवर बसली म्हणे.

१४ मार्च

या वेळी सॉफ्टवेअरमधली एक खूण कशी कोण जाणे निघाली होती, त्यामुळे दुसरं कार्ड झोपा काढत होतं. मी डोकं खाजवत बसलो. जोसी फ्रीजमधली वेरेनिकी, म्हणजे आमच्याकडच्या पनीर भरलेल्या करंज्या, तळून घेऊन आली, वर साय घालून, माझी आई करायची तशी. कुठून शिकली कोण जाणे. खाता खाता विचारते, "डॅड, तू लहान असताना तुझ्या आजोबांबरोबर कधी काही दुरुस्त करायचास का?" मी सांगितलं, ट्रॅक्टर. मग ट्रॅक्टरच्या गोष्टी निघाल्या, त्यात ट्रॅक्टर तळ्यात गेला ती गोष्ट, आणि आजोबा तळ्याकाठी उभं राहून प्रार्थना करत होते की शिव्या देत होते ते कोणालाच कळलं नाही ती गोष्ट. ती पोट धरून हसली. मूळ काम राहिलं बाजूला. शेवटी तीच म्हणाली, "ती खूण करायची राहिली असेल बघ." खूण केली, चालू झालं.

तिला माहीत होतं तर आधी का नाही सांगितलं? या वयातल्या मुलांचं काही कळत नाही.

१९ मार्च

कॉरीनचा फोन. दाताच्या डॉक्टरच्या तारखेबद्दल. शेवटी म्हणाली, "तुझ्याकडून आली की हल्ली सारखं तुझ्याबद्दलच बोलत असते."

मी म्हटलं, "हो. बोलत असेल."

म्हणजे तक्रारीच करत असणार. दर वेळी मशीन बंद पडतं, दुसरं काय सांगणार बिचारी.  पोर्टेजच्या त्या घरात म्हणे तिला मोठी खोली आहे, खिडकीतून नदी दिसते. नदी काही बंद पडत नाही.

मला पोरगी हवी आहे. हे वकीलबाईंसाठी लिहीत नाहीये. मला हवी आहे, एवढंच.

११ एप्रिल

रोडेलला सगळं सांगितलं. जेवणाच्या सुटीत तो डब्यातला भात खात होता.

"ब्रिज आपोआप सुटत नाही," तो म्हणाला. "बोटाने ओढावा लागतो."

"मांजर?"

"तुझ्याकडे मांजर आहे?"

"शेजारणीचं येतं कधी कधी."

रोडेलने चमचा खाली ठेवला. "बरं. मांजराने ब्रिज ओढला. मग केबल बदलली. मग सॉफ्टवेअरमध्ये जाऊन खूण काढली."

"थट्टा करू नकोस. गेल्या वेळी विजेचा प्लग अर्धा बाहेर आला होता. हे धक्क्याने होऊ शकतं. बर्फ काढायची गाडी जाते तेव्हा घर हादरतं."

"बर्फाची गाडी तू एकटा असतानाही जाते ना? तेव्हा बिघडतं?"

विचार केला. नाही बिघडत. पण तेव्हा मशीन बंदच असतं, मी कशाला लावतो. हे त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"वेंडल, बिघाड झाला की तू काय करतोस?"

"दुरुस्त करतो."

"आणि ती काय करते?"

"शेजारी बसते. बडबडते. खायला आणते. खरं तर मदत काहीच करत नाही."

"पालथ्या घड्यावर पाणी," तो म्हणाला आणि परत भात खायला लागला. मग म्हणाला, "तसं बघितलं तर लोक आता असल्या जोड्या लावतच नाहीत. त्यापेक्षा एकच दणकट कार्ड घेतात, कटकट नाही. पण तू बस. बसतोयस तसा बसत राहा."

मला त्याचं ते एका दणकट कार्डाचं पटलं.

२४ एप्रिल

आज माझा तोल गेला. परत ब्रिज. परत! मी खोक्यावर हात आपटला आणि म्हणालो, "हे भंगार उचलून लाल नदीत फेकून देतो."

जोसीचा चेहरा पांढराफटक पडला. "माझा राग आला?"

"तुझा कशाला येईल? या मशीनचा आला. तू इथे येतेस ते मजेत राहायला, आणि सारखं काहीतरी बंद पडतं. मला लाज वाटते."

"मला काही त्रास होत नाही त्याचा."

"होत नाही कसा? होतोच."

"डॅड, खरंच नाही. मला," आणि ती थांबली. नखं कुरतडायला लागली. "मला उघडून बघायला आवडतं. आपण."

किती समजूतदार पोरगी. बापाला वाईट वाटू नये म्हणून बोलते. तिथल्या तिथे ठरवलं, हे दुखणं मुळापासून उपटायचं.

१ मे

जोसी आईकडे आहे. एकच, नवंकोरं, सगळ्यात मोठं कार्ड आणलं. विटेएवढं आहे. जुनी दोन्ही काढली, ब्रिज काढला, आतली धूळ झाडली, तारा नीट बांधल्या. सगळं एकट्याने केलं. तासाभरात झालं. मधे कोणी बडबडायला नव्हतं.

उरलेला वेळ काय करायचं सुचेना, म्हणून फ्रीज मागून पुसला.

५ मे

जोसी आली. तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले, खोक्याची बाजू उघडून दाखवली.

"आता काही बिघडणार नाही," मी म्हटलं. "एकच कार्ड. ब्रिज नाही, काही नाही. जन्मभराची चिंता मिटली."

ती बराच वेळ आत बघत होती. "आपली ती दोन कुठायत?"

"रोडेलला दिली."

"दोन्ही?"

"दोन्ही. तुला आवडलं ना?"

"हो. छान आहे. थँक्स, डॅड." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढला. मला वाटलं होतं किंचाळेल. पण आता मोठी झाली, मोठी मुलं किंचाळत नाहीत.

७ मे

रोडेलला परवाचं सांगितलं, तर त्याने दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. "मी ते कार्डांबद्दल बोलत होतो, तुझ्या पोरीबद्दल नाही, गाढवा!"

"मीही कार्डांबद्दलच बोलतोय," मी म्हटलं.

तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. या माणसाला झालंय काय?

२२ मे

सगळं ठीक. मशीनचा आवाजही येत नाही. जोसी जेवते, वर जाते. दार बंद. मारिसोलचं काय झालं विचारावं असं मनात आलं, पण जिन्यात उभं राहून काय विचारणार, आणि हेडफोन लावलेल्या माणसाला ऐकू कसं जाणार. अर्ध्या जिन्यातून परत फिरलो.

आज ती दारात येऊन उभी राहिली. "डॅड, हे कार्ड जरा जास्त गरम होतं असं तुला नाही वाटत?"

मी ताबडतोब वर गेलो. हात लावून पाहिला. थंडगार.

"नाही," मी म्हटलं. "मस्त आहे."

"पंख्याचा आवाज?"

कान लावला. "नाही गं. घड्याळासारखं चाललंय."

"बरं," ती म्हणाली.

मी खाली येऊन टीव्ही लावला. एवढं चांगलं काम मी क्वचितच केलं असेल. मग असं का वाटतंय की काहीतरी हातातून सांडलं?

४ जून

जोसीने विचारलं, "तुला काही दुरुस्त करून हवंय का?" म्हणजे मला! उलटंच. मी म्हटलं, "नाही बेटा, सगळं ठीक चाललंय, तू खेळ."

२० जून

आज सांगितलं तिने. वकीलबाईंच्या ऑफिसात, ज्या ताई मध्यस्थी करतात त्यांच्यासमोर. टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची वाटी होती, जोसी त्यातली एक गोळी नुसती फिरवत होती. म्हणाली, ती पोर्टेजला जाईल.

ताईंनी विचारलं, "काही कारण सांगावंसं वाटतं?"

ती म्हणाली, "इकडे डॅडचं माझ्यावाचून काही अडत नाही. सगळं ठीक असतं."

मला धड ऐकूही येईना. म्हणजे काय? ठीक असतं म्हणून जायचं? मी इतके महिने सगळं ठीक व्हावं म्हणूनच तर झिजलो!  मला ओरडायचं होतं, जाऊ नकोस. पण ताकीद होती, आणि आता सांगून झालंच होतं. मी म्हटलं, "कॉम्प्युटर घेऊन जा. तुझाच आहे."

"तू नाही ठेवणार? मी येईन तेव्हासाठी?"

"मी काय करू त्याचं? आणि ने-आण केली की तारा हलतात."

तिने मान हलवली. कॉरीन माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी चुकीच्या थांब्यावर उतरलोय आणि मला सांगायची तिला परवानगी नाही.

गाडीत बसून रडलो. लिहायची लाज नाही. रडलो.

३० जून

मशीन मीच पॅक केलं, थर्माकोल लावून, जुन्या रजईत गुंडाळून. जोसी म्हणाली, "तू तिकडे येऊन लावून देशील?" मी म्हटलं, "अगं, तीन तारा आहेत, तुला डोळे मिटून लावता येतील." तिला येतात हे खरंच आहे. शाबासकी म्हणून म्हणालो. 

गाडी गेल्यावर वरच्या खोलीत गेलो. टेबलावर मशीनच्या जागेपुरती धूळ नव्हती. बाकी सगळीकडे होती.

१३ जुलै, शनिवार

सकाळी जोसीचा फोन आला.

"डॅड, कॉम्प्युटर चालू होत नाहीये."

मी लगेच कामाला लागलो. "वीज आहे का? प्लग पक्का आहे? स्क्रीनची तार?"

"सगळं बघितलं."

"कार्ड एकदा काढून परत बसव."

"मला नाही कळत ते."

"तुला कळत नाही? तूच तर मला शिकवलंस! असं कर, बाजूचे स्क्रू काढ, फोन स्पीकरवर ठेव, मी इथून सांगतो."

फोनवर नखं कुरतडल्याचा आवाज आला.  मग म्हणाली, "तू ये ना."

"अगं, एवढ्यासाठी तासभर? फोनवर पाच मिनिटांत—"

"डॅड. तू ये ना."

तिला माझ्यापेक्षा दसपट कळतं. गावात दुरुस्तीचं दुकानही असेलच. आज माझा वारही नव्हता. या सगळ्याचा हिशेब डोक्यात लागेना, तोवर मी बूट घातले होते. हायवेच्या दोन्ही बाजूंना पिवळीधमक शेतं, काचेवर किडे फुटतायत, आणि मी मोठमोठ्याने स्वतःशीच बोलतोय: मदरबोर्ड असेल, पॉवर सप्लाय असेल, दमट हवा असेल.

कॉरीनने दार उघडलं. "आलास? ती सकाळपासून खिडकीत उभी आहे. मला तर नवलच वाटतं, काल संध्याकाळपर्यंत तो कॉम्प्युटर ठणठणीत—"

"मॉम!" आतून जोसी ओरडली.

 कॉरीनने माझ्याकडे पाहिलं, जोसीकडे पाहिलं. मग किल्ल्या उचलल्या. "मला बाजारात जायचंय. उशीर होईल," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

नदी दिसते खिडकीतून हे खरं आहे. खोली मोठी आहे हेही खरं. मशीन कोपऱ्यात. मी गुडघ्यांवर बसलो, ते भिंतीपासून ओढलं, मागे वाकून पाहिलं.

वायर पक्की होती. मागे पॉवर सप्लायला एक बटण असतं, अंगठ्याएवढं. ते बंद होतं.

एवढंच. दुसरं काही नाही. माझ्या डेपोत कोणी असल्या बिघाडासाठी मला हाक मारली असती तर मी त्याला उभा सोलला असता. मी हात पुढे केला. बोट बटणावर ठेवलं. आणि जोसीकडे पाहिलं, विचारायला, की हे तू पाहिलं नाहीस का गं?

ती स्क्रीनकडे बघत नव्हती. माझ्या बोटाकडे बघत होती. नखं तोंडात. अशी उभी होती, की मी ते बटण दाबलं तर तिचंच काहीतरी बंद पडेल.

हे बटण तिला माहीत नाही असं होऊच शकत नाही. तिनेच मला फेब्रुवारीत, पॉवर सप्लाय बसवताना—

मला सगळं कळलं असं मी लिहिणार नाही. अजूनही एका वेळी एकच टोक हातात येतं, दुसरं निसटतं. पण माझं बोट आपोआप मागे आलं. मी टाचांवर बसलो आणि घसा साफ केला.

"हं," मी म्हटलं. "अवघड दिसतंय."

"हो?"

"बरंच अवघड. सगळं उघडावं लागेल. एकेक भाग काढून टेबलावर मांडावा लागेल."

"आज होईल?"

"आज?" मी मान हलवली. "आज कुठलं होतंय. मला परत यावं लागेल. बहुतेक दर शनिवारी."

 जोसीने हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि माझ्यासाठी खुर्ची आणायला धावली. दारातून परत वळून म्हणाली, "थांब, माझीपण आणते."